आधी नोकरी, मग पदवी

भारतात नकाशावर पोट भरणारी माणसं आधी आली. भूगोलाची पदवी त्यांच्या मागून, दीडशे वर्षांनी आली.

ईस्ट इंडिया कंपनीने १७६७ मध्ये जेम्स रेनेलला बंगालचा सर्व्हेअर जनरल नेमलं. आजच्या सर्व्हे ऑफ इंडियाची सुरुवात तिथली. कंपनीला सारा वसूल करायचा होता आणि फौजेला वाटा माहीत हव्या होत्या. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी हळूहळू हिमालयापर्यंत गेली.

डोंगरावर चढून कोन टिपणारे वेगळे आणि कचेरीत बसून त्यांची आकडेमोड करणारे वेगळे. १८३१ मध्ये राधानाथ सिकदर या दुसऱ्या गटात गणक म्हणून दाखल झाले. कोलकात्याच्या हिंदू कॉलेजात ते गणित शिकले होते. पुढे ‘शिखर १५’ जगात सर्वांत उंच असल्याचं त्यांच्या आकडेमोडीतून निघालं. १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची होती २९,००२ फूट. तेच आजचं एव्हरेस्ट. सिकदर यांच्याकडे भूगोलाची पदवी नव्हती आणि ती देणारं विद्यापीठही तेव्हा देशात नव्हतं.

अलिगढ मुस्लिम विद्यापीठात भूगोल विभाग सुरू झाला तो १९२४ च्या सुमारास. तरीही पुढची बरीच वर्षं ‘भूगोल घेतला म्हणजे मास्तरकी’ हे समीकरण काही सुटलं नाही.

ते सैल केलं स्वातंत्र्यानंतरच्या नियोजनाने. प्रा. एस. पी. चॅटर्जी यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय अ‍ॅटलास संघटना उभी राहिली. पाऊस, पिकं, लोकवस्ती नकाशावर मांडणं हेच तिथलं काम. १९६६ मध्ये डेहराडूनला हवाई छायाचित्रं वाचायला शिकवणारी संस्था निघाली. मार्च १९८८ मध्ये ‘आयआरएस-१ए’ उपग्रह सुटला आणि छायाचित्रांची जागा उपग्रह-प्रतिमांनी घेतली. महाराष्ट्राचं दूरसंवेदन केंद्र आज नागपुरात अशाच उपग्रह-प्रतिमांवर काम करतं.

२०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भू-माहितीसाठीच्या बऱ्याचशा परवान्यांची अट काढून टाकली, त्यामुळे खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र मोकळं झालं. नगररचना, आपत्ती व्यवस्थापन, पाणलोट, मालवाहतूक अशा ठिकाणी जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, जाणणारी माणसं लागतात. म्हणून भूगोलाला प्रवेश घेणाऱ्याने महाविद्यालयात आधी दोन गोष्टी विचाराव्यात: जीआयएसची प्रयोगशाळा चालू आहे का, आणि क्षेत्रभेटीत मुलं स्वतः मोजणी करतात का?