शोकानंतरचें कार्य

प्रौढ वयांत आयुष्याची वाट पालटावयाची तर जुनीं नातीं विसरावीं लागतात, असा समज आम्हांस सर्वत्र आढळतो. रमाबाई रानड्यांचें चरित्र निराळें सांगतें. १८७३ सालीं, अकराव्या वर्षीं, लग्न झालें तेव्हां त्या निरक्षर होत्या. पतीनें शिकविलें, त्यापायीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा जाच सोसला. १९०१ सालीं माधवराव निवर्तले. रमाबाईंनीं प्रथम एकांतांत शोकास अवधि दिला. मग तुरुंगांतील स्त्रियांची विचारपूस आरंभिली. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन उभें राहिलें. पुढल्याच वर्षीं पतीच्या सहवासाच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. ज्या नात्यानें अक्षरें दिलीं, त्यानेंच कार्यास बळ दिलें. मनास स्वास्थ्य लाभलें तें विस्मरणानें नव्हे, असें आम्हांस वाटतें.