पाचरीपासून पकडीपर्यंत

सायकलवरून पडल्यावर आधी हँडल सरळ करायचं आणि मग खरचटलेला गुडघा बघायचा, ही रीत आमच्या पिढीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायचं, हँडलला हिसडा द्यायचा आणि पुन्हा टांग मारायची. हे जमायचं, कारण हँडलचा देठ, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीत फक्त दाबून बसवलेला असे. त्याच्या तळाशी तिरकी कापलेली पाचर आणि तिच्यात वरून उतरलेला लांब बोल्ट. बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते, बाजूला सरकते आणि नळीच्या आतल्या भिंतीवर रुतते. सगळी पकड घर्षणाची. हँडलला चिमट्याशी जोडणारा देठासकटचा हा भाग म्हणजे स्टेम. शर्यतीच्या सायकलवर तो वेगळा सुटा भाग असतो. आपल्या साध्या काळ्या सायकलीवर तो हँडलच्या नळीला कायमचा जोडलेला असायचा.

मी भोसरीत धातू तपासणीच्या कामात आयुष्य काढलं. तुटलेले भाग टेबलावर यायचे आणि ते का तुटले हे मी लिहून द्यायचे. आता ओळखीतली मुलं रोड बाइक घेतात आणि विचारतात, "मावशी, हलका पण टिकणारा स्टेम कुठला?" मी त्यांना ग्रॅम सांगण्याआधी इतिहास सांगते. स्टेम दोन वाटांनी हलका होत आला. एक वाट धातू खरवडून काढण्याची आणि दुसरी ताण पडण्याची जागाच बदलण्याची. माझी खात्री आहे, की टिकणारा हलकेपणा दुसऱ्या वाटेनं आला.

उंच चाकाच्या जुन्या सायकलींना स्टेमची गरजच नव्हती. स्वार चाकाच्या डोक्यावर बसायचा आणि हँडल थेट चिमट्याच्या माथ्यावर असायचं. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं 'रोव्हर' आणली. दोन जवळजवळ सारखी चाकं, मागच्या चाकाला साखळी आणि स्वार दोन चाकांच्या मधे. आता हात आणि चिमटा यांच्यात अंतर पडलं आणि ते भरून काढणारा भाग लागला. शर्यतवाल्यांना त्याहून जास्त अंतर हवं होतं, म्हणजे पाठ आडवी होते आणि वारा कमी लागतो. १८९९ मध्ये माँट्रियलला जगज्जेता ठरलेला अमेरिकेचा कृष्णवर्णीय स्वार मेजर टेलर पुढे सरकवता येणारा लांब स्टेम वापरायचा. आजही त्या घडणीच्या स्टेमला त्याचंच नाव आहे. वर्णद्वेषापायी ज्याला किती तरी ठिकाणी उतरायला खोली मिळत नसे, त्याचं नाव सायकलच्या एका भागावर टिकून राहिलं, याचं मला फार समाधान वाटतं.

हे सगळे स्टेम पोलादाचे होते. पोलादाचा मोठा गुण असा, की ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते लाखो हेलकावे सोसूनही थकत नाही. मर्यादा ओलांडली तर बहुतेक वेळा आधी वाकतं, म्हणजे सूचना देतं. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण त्याला अशी सुरक्षित मर्यादा नाही. लहानसा ताणही पुरेशा वेळा आला तर कधीतरी भेग पडतेच. म्हणूनच हलका धातू हाताशी असूनही इटलीतले काही कारागीर स्टेमच्या बाबतीत बराच काळ पोलादाला धरून राहिले. चिनो चिनेल्ली त्यांतलाच. तो स्वतः अव्वल स्वार होता. १९३८ ची जिरो दी लोंबार्दिया आणि १९४३ ची मिलान–सान रेमो त्यानं जिंकली होती. मग मिलानमध्ये त्यानं हँडल आणि स्टेमचा धंदा मांडला आणि सुरुवात पोलादापासून केली. १९६० च्या दशकात त्याचे अॅल्युमिनियमचे स्टेम आले आणि पुढची कित्येक वर्षं शर्यतीच्या सायकलवर तेच दिसत राहिले. ते स्टेम मी हातात घेऊन पाहिले आहेत. घडाई केलेला धातू, कुठेही धारदार कोपरा नाही, मान जिथे वळते तिथे जाडी राखलेली. वजन पाव किलोच्या आसपास. ज्याचे स्वतःचे दात एकेकाळी त्या हँडलच्या भरवशावर होते, अशा माणसाची ती घडण आहे.

त्याच जमान्यात स्वस्त फ्रेंच स्टेमही निघाले होते, आणि जुन्या सायकली जपणाऱ्यांत ते आजही बदनाम आहेत. त्यांत पाचरीऐवजी शंकू होता. शंकू वर ओढला की देठाचं तळ फाकावं म्हणून तळाला उभ्या चिरा कापलेल्या असत. चांगला कारागीर अशा चिरेच्या टोकाला गोल भोक पाडतो, म्हणजे ताण पसरतो. तेवढं भोक जिथे वाचवलं गेलं, तिथे भेग चिरेच्या टोकापासून वर चढत गेली. थकून तुटलेल्या धातूचा तुटका पृष्ठभाग वाचता येतो. ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा एकामागे एक रेषा त्यावर असतात, आणि त्या जिथून सुरू होतात तिथे भेगेचं मूळ. आयुष्यभरात माझ्या टेबलावर आलेल्या अशा तुकड्यांत ते मूळ बहुतेक वेळा एखाद्या कोपऱ्यात, ओरखड्यात नाहीतर आट्यांत सापडलं. धातू कमी पडल्यामुळे तुटलेले तुकडे त्यामानानं थोडे.

खरवडण्याच्या वाटेचं सर्वात देखणं उदाहरण २५ ऑक्टोबर १९७२ चं आहे. मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर बेल्जियमचा स्वार एडी मर्क्स यानं तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले. एर्नेस्तो कोल्नागोनं बांधलेली त्याची सायकल ५.७५ किलोची होती. साखळीच्या कड्यांनासुद्धा भोकं पाडली होती आणि स्टेम टायटॅनियमचा होता, अमेरिकेतून करवून आणलेला. त्या सायकलीपुढे मी हात जोडते. पण ती एका गुळगुळीत ट्रॅकसाठी, एका तासासाठी केलेली होती. पुढे तिची नक्कल करत हौशी स्वारांनी घरच्या ड्रिलनं आपापल्या स्टेमना भोकं पाडली. भोक तेच, पण चिरेच्या टोकाला ते भेग अडवतं आणि ताण वाहणाऱ्या भिंतीत पाडलं तर भेगेला घर देतं.

वजनाचा खरा प्रश्न १९९० च्या सुमारास सुटला, तोही धातू न बदलता. जॉन रेडर या अमेरिकन माणसानं चिमट्याच्या नळीवरचे आटेच काढून टाकले. त्याची ही रचना डाया-कॉम्पे कंपनीनं 'अहेडसेट' नावानं बाजारात आणली. आधी स्टेम नळीच्या आत जायचा, आता तो नळीला बाहेरून मिठी मारू लागला. लांब देठ गेला, पाचर गेली, वरचे मोठे नटही गेले. इंग्लिश मापाच्या सायकलीत आत जाणारा देठ २२.२ मिलिमीटरचा असे. नवी पकड २८.६ मिलिमीटरच्या नळीवर आली. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास वाढवला की तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणून भिंत पातळ करूनही ताकद उरते. पुढे हँडलचा मधला भागही २६ वरून ३१.८ मिलिमीटरवर गेला, त्यामागेही हेच गणित. आज १२०–१३० ग्रॅमचा अॅल्युमिनियम स्टेम जुन्या पाव किलोच्या स्टेमहून ताठ असतो.

मात्र भेगेनं नवी जागा शोधली. ९ एप्रिल २००६ ला पॅरिस–रुबे शर्यतीच्या दगडी रस्त्यावर अमेरिकन स्वार जॉर्ज हिंकापी आघाडीच्या गटात होता. चिमट्याची अॅल्युमिनियमची नळीच तुटली, हँडल आणि स्टेम त्याच्या हातात आले आणि तो खांद्यावर आपटला. ताण पकडीच्या कडेवर येऊन साठतो, हे त्या दिवशी साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. हलकेपणाला लगाम घालणारे नियमही आहेत. शर्यतीच्या सायकलचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी नसावं, हा नियम २००० पासून लागू आहे. आयएसओ ४२१० मानकाच्या चाचणीत हँडल आणि स्टेमची जोडी यंत्रावर दोन टप्प्यांत प्रत्येकी लाखभर हेलकावे खाते, आधी दोन्ही टोकं उलटसुलट आणि मग एका दिशेनं. या चाचणीत उतरलेला स्टेम घ्या, एवढं तरी मी हट्टानं सांगते.

बाकी माझी पसंती अशी. घडाई केलेला अॅल्युमिनियमचा स्टेम, हँडलच्या झाकणाला चार बोल्ट, कडा गोल केलेल्या. शंभर ग्रॅमच्या खाली नेण्यासाठी आतून पोखरलेला असेल तर नको. बोपदेव घाट चढताना घाम थेंबाथेंबानं नेमका स्टेमवरच पडतो. त्यातलं मीठ पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियम यांच्या सांध्यात शिरून धातू खातं, म्हणून घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसायचं आणि पावसाळा संपला की बोल्ट काढून ग्रीस लावायचं. वरचा एकटा बोल्ट बेअरिंगमधली ढिलाई काढण्यापुरता असतो, पकड बाजूच्या दोन बोल्टांची. आधी वरचा, मग बाजूचे, आणि तेही टॉर्क पान्यानं, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच, बहुधा ५ न्यूटन-मीटर. जोरात आपटलेला अॅल्युमिनियमचा स्टेम सरळ दिसला तरी बदलायचा. आणि अलीकडे हँडल व स्टेम एकाच साच्यात काढलेले कार्बनचे जे संच येतात, केबलीही पोटात घेणारे, ते मी कुणाला सुचवत नाही. त्यांत पकडीजवळची नळी बघायची तर ब्रेकच्या नळ्याही उसवाव्या लागतात, आणि मग ती कुणी बघतच नाही.