बावीसशे वर्षं टिकलेली लाकडी अक्षरं

खांदेश्वरला राहणाऱ्यांना लाकडी पाटीचं आयुष्य किती हे सांगायला नको. बंगल्याचं हौसेने कोरून घेतलेलं नाव पहिल्या पावसाळ्यात फुगतं, दुसऱ्यात पॉलिश सोलवटतं, तिसऱ्यात अक्षरंच दिसेनाशी होतात. मग सगळे अॅक्रिलिककडे वळतात. "आपल्या हवेत लाकूड टिकतच नाही!"

हा निष्कर्ष घाईचा आहे. पुरावा एक्स्प्रेसवेने तासा-सव्वातासावर, मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत आहे.

तिथलं चैत्यगृह इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातलं. छत डोंगरातच कोरलेलं, तरी त्याला आतून लाकडी कमानी बसवल्यात. खरं तर त्यांची गरजच नाही. पण आधीच्या लाकडी बांधकामाची सवय दगडातही उतरली. (आपल्या भाषेत, बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी!)

पण हे लाकूड मधल्या काळात कुणी बदललं नसेल कशावरून? १९५०च्या दशकाअखेरीस पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी या लाकडावरचे दोन छोटे ब्राह्मी लेख प्रसिद्ध केले. अक्षरांचं वळण इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाचं. म्हणजे निदान ही अक्षरं ज्यावर आहेत, ते लाकूड तरी बावीसशे वर्षांचं!

आता गंमत बघा. याच चैत्यगृहाच्या दर्शनी भागालाही लाकडी पडदी होती. तिच्या आता फक्त दगडातल्या खाचा उरल्यात. डोंगर तोच, पाऊस तोच. बाहेरचं गेलं, आतलं राहिलं.

कारण साधं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. सागाच्या गाभ्यातली नैसर्गिक द्रव्यं बुरशीला आणि वाळवीला बरीच दाद देत नाहीत, पण रोजचं भिजणं-सुकणं त्यालाही तडे पाडतं. ऊन वरचा थर खिळखिळा करतं आणि मग वॉर्निशला पकड राहत नाही. आत उंचावर ना पावसाचा मारा, ना ऊन.

तेव्हा पाटी करायची तर सागाचा गाभाच घ्या, कडेचं पांढरं लाकूड नको. वर छोटा छज्जा हवाच. वरची कड उतरती ठेवा. भिंतीपासून बोटभर अंतर सोडा, म्हणजे मागून वारा खेळेल. कापलेली टोकं नळीसारखं पाणी ओढतात, ती आधी नीट बंद करा. अक्षरं नुसती रंगवू नका, खोल कोरा. आणि दर मे महिन्यात तेलाचा हात द्या.

थोडक्यात, वॉर्निशवर विसंबू नका, छपरावर विसंबा.

भाज्याला गेलात तर मान वर करून कमानी जरूर बघा. फक्त आपलं नाव कोरायचा मोह आवरा. तिथे लिहिणारे आधीच होऊन गेलेत.