माजलगावच्या जात्यावरचे भीमराव

१/ एप्रिल १९९६. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर या दलित वस्तीत काही स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांतील अनेक ओव्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या होत्या. मराठवाड्याच्या इतिहासाचे हे एक दुर्लक्षित साधन आहे.

२/ ओवीची परंपरा जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (इ.स. ११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. पुढे इ.स. १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ ओवीतच रचली गेली. वाङ्मयेतिहासाने ग्रंथातील ओवीचा मागोवा घेतला. जात्यावरची ओवी मात्र बराच काळ त्याच्या कडेलाच राहिली.

३/ या ओवीचा ताल कष्टाचा आहे. पहाटे खुंटा धरून दोघी समोरासमोर बसत आणि पाळूच्या फेऱ्यांवर शब्द चढत. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल हे नित्याचे विषय. पहिली ओवी, दुसरी ओवी अशी मोजणी करून एकेका देवाला ओवी वाहण्याची रीतही होती.

४/ भीमनगरात या मानाच्या जागी भीमराव आणि बुद्ध आले. साचा जुनाच राहिला, दैवत मात्र बदलले. धर्मांतराचा अर्थ लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांनी कसा लावला, हे सरकारी दप्तरात सापडत नाही. ते या ओव्यांत सापडते.

५/ ओवीवर तारीख नसते, तरी काळाचा अंदाज बांधता येतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणून बुद्धाला आपला मानणारी ओवी बहुधा त्यानंतरची ठरते.

६/ हे संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाचे. त्यात हजाराहून अधिक गावांतील सुमारे एक लाख ओव्या जमल्या. विशेष म्हणजे ओवीसोबत गाणारणीचे नाव आणि गावही नोंदवले गेले. त्यामुळेच राधाबाई बोऱ्हाडे हे माजलगावचे नाव आज ओव्यांसह टिकून आहे. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर हा ठेवा ऐकता येतो.

७/ पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या दंडांना विसावा मिळाला. ते योग्यच झाले. पण दळण थांबताच गाण्याचे निमित्तही सरले. आता जाते बहुधा हळदीपुरतेच मांडले जाते. ज्या ओव्या कुणी उतरवून घेतल्या नाहीत, त्या गाणाऱ्या बाईबरोबरच जातात. मराठवाड्यातील अनेक घरांत त्या म्हणू शकणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांच्याकडून ओवी ऐकून, नाव-गावासह नोंदवून ठेवणे हेही इतिहासलेखनच आहे.