सोलापूर–हैदराबाद रस्ता : १०९ तास

१२ सप्टेंबर १९४८, रविवार. सोलापूर

मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची पहिली चिलखती डिव्हिजन निघण्याच्या तयारीत आहे. नळदुर्ग इथून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. त्याच्या अलीकडेच मुंबई प्रांत संपतो आणि निजामाचा मुलूख, हैदराबाद संस्थान, लागतो. पण ही सरहद्द एका रेषेत धावत नाही. बार्शीच्या वाटेवरचं नान्नज निजामाचं, आणि त्याच्या चारही बाजूंना मुंबई प्रांत. जुलैमध्ये तिथून जाणाऱ्या भारतीय तुकडीवर हल्ला झाला आणि सैन्यानं ते गाव ताब्यात घेतलं. त्याआधी २२ मे रोजी गाणगापूर स्टेशनात मद्रास–मुंबई मेलवर हल्ला झाला होता. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकानं घरदार सोडलेली कुटुंबं कित्येक महिने सोलापूर-बार्शीकडे येत होती. सोलापूरकरांना हे संकट वर्तमानपत्रातून कळलं नव्हतं. ते त्यांच्या स्टेशनावर आणि नातलगांच्या ओसरीवर उतरलं होतं.

आदल्याच दिवशी, ११ तारखेला, कराचीत महंमद अली जीना वारले. भारताचे सरसेनापती जनरल रॉय बुचर यांना हैदराबादवरची कारवाई पुढे ढकलायची आहे. मुंबई किंवा अहमदाबादवर विमानहल्ला झाला तर काय, ही त्यांची धास्ती. सरदार पटेल तारीख बदलायला तयार नाहीत.

रात्र : दोन्ही बाजूंचं बळ

हैदराबादचं नियमित लष्कर सुमारे २२,०००. आधुनिक हत्यारं आणि शिक्षण मिळालेले त्यांतले सहा हजारांच्या आसपास. रझाकार दोन लाख सांगितले जात. त्यांतल्या चौथाईकडे बऱ्या बंदुका, बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर निजामाचा असफजाही झेंडा लावण्याची भाषा तो सभांमधून करत होता.

हैदराबादचे लष्करप्रमुख जनरल अल इद्रूस पहिल्या महायुद्धात लढलेले, अनुभवी सैनिक. मात्र त्यांच्या लष्कराच्या डोक्यावर आकाश मोकळं होतं. हैदराबादकडे लढाऊ हवाई दल नव्हतं.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विदारक वाटतं ते हेच. पहिल्या महायुद्धात निजामाच्या पैशातून ब्रिटिशांचं ११० क्रमांकाचं हवाई पथक उभं राहिलं आणि १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेलं. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाच्या पथकाला हैदराबादचं नाव मिळालं. त्याच्या बोधचिन्हावर निजामाचा शिरपेच होता, आणि त्याची स्पिटफायर विमानं १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी झुंजली. खुद्द हैदराबादेत, बेगमपेठेच्या विमानतळावर, युद्धकाळात भारतीय हवाई दलाच्या उमेदवारांना प्राथमिक उड्डाण शिकवणारी शाळा होती. म्हणजे पैसा होता, धावपट्टी होती, शिक्षक डोळ्यांसमोर होते. पण १७९८ आणि १८०० च्या तैनाती फौजेच्या करारांपासून हैदराबादचं संरक्षण ब्रिटिशांनी आपल्या हाती ठेवलं होतं. ब्रिटिश गेले तेव्हा निजामाच्या हाती विमानांच्या देणग्यांची कीर्ती उरली. विमानं उरली नाहीत.

ती उणीव भरायला सिडनी कॉटन आला. हा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९३९ मध्ये जर्मनीची हवाई छायाचित्रं चोरून टिपणारा, धाडसी आणि तरबेज. त्याची लँकास्ट्रियन विमानं कराचीहून रात्री उडत आणि बीदर-वरंगळला बंदुका व दारूगोळा उतरवून परत जात. त्यामुळे हत्यारांच्या पेट्या वाढल्या. पण शिकलेला वैमानिक पेटीतून येत नाही. त्याच्यामागे वर्षांची तालीम लागते, आणि जमिनीवर त्याचं विमान रोज उडण्याजोगं ठेवणारे मेकॅनिक लागतात.

पलीकडे भारतीय हवाई दलाचे वैमानिक ब्रह्मदेशच्या युद्धातून तावूनसुलाखून निघालेले, आणि ऑक्टोबर १९४७ पासून काश्मीरच्या दऱ्यांत टेंपेस्ट विमानं उडवत असलेले. खुद्द चौधरींनी ब्रह्मदेशात १६ व्या लाइट कॅव्हलरीचं नेतृत्व केलं होतं.

१३ सप्टेंबर, सोमवार. पहाटे ४

सैन्य सरहद्द ओलांडतं. पश्चिमेकडून सोलापूर आणि पूर्वेकडून विजयवाडा, असे दोन मुख्य रेटे. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी, हवाई दलाची बाजू एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्याकडे.

सगळी मदार बोरी नदीवरच्या पुलावर आहे. पावसाळ्याचे दिवस. पूल उडाला तर रणगाडे अलीकडे अडकतील. भारताच्या सातव्या ब्रिगेडला तो शाबूत मिळतो. तो उडवण्याची कामगिरी हैदराबादच्या बाजूच्या टी. टी. मूर या ब्रिटिश लेफ्टनंटवर होती, आणि पहिल्याच दिवशी तो पकडला गेला. मग दुसऱ्या शीख पलटणीनं नळदुर्गच्या मोर्चांवर चढाई केली.

समोर पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. याच नावाची पलटण डिसेंबर १९४१ मध्ये मलायातल्या कोटा बारूच्या विमानतळाची राखण करत होती, जपानी उतरले तेव्हा. आकाश शत्रूचं असलं की जमिनीवरच्या शिपायाचं काय होतं, हे त्या पलटणीच्या इतिहासातच लिहिलेलं होतं.

सकाळ

तुळजापूरला भारताची दुसरी तुकडी उजाडताच पोचते. पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीचे शिपाई आणि दोनशेच्या आसपास रझाकार दोन तास लढतात आणि शरण येतात. पुढे लोहाऱ्याची वाट नदीच्या पुरानं अडवते. त्या दिवशी पश्चिम आघाडीवर भारतीय सैन्याला खरोखर थोपवलं ते या पाण्यानं.

नऊ वाजता रणगाडे जळकोटात.

दुपारी ३.१५

लेफ्टनंट कर्नल राम सिंग यांची तुकडी उमरग्यात शिरते, सरहद्दीपासून ६१ किलोमीटर आत. अकरा तासांत.

त्याच दिवशी कराचीत

पंतप्रधान लियाकत अली खान यांनी संरक्षण समितीची बैठक बोलावली होती, असं सांगितलं जातं. हैदराबादसाठी पाकिस्तान काही करू शकतो का? बैठकीतले ब्रिटिश अधिकारी ग्रुप कॅप्टन एल्वर्दी यांचं उत्तर नाही असं होतं. दिल्लीवर बाँब? त्यांनी हिशोब मांडला : बाँबफेकी विमानं चार, उडण्याजोगी दोन, त्यांतलं एखादं दिल्लीपर्यंत पोचेल, परत एकही येणार नाही. बुचर यांना ज्याची धास्ती होती त्याचा हा खरा आकार. फाळणीत हवाई दल नुकतंच वाटलं गेलं होतं, आणि पाकिस्तानच्या वाट्याला आलेलं बळ एवढं तोकडं होतं. हैदराबादचे मुत्सद्दी मात्र बाहेरून मदत येईल या आशेवर दिवस काढत होते.

१४ सप्टेंबर, मंगळवार

उमरग्याहून राजेश्वर ४८ किलोमीटर. वाटेवर दबा धरून बसलेले मोर्चे टेहळणीच्या विमानाला वरून दिसतात. टेंपेस्ट बोलावली जातात, मोर्चे मोडतात आणि दुपारी राजेश्वर हाती येतं. दोन सैन्यांतला फरक इथे उघडा पडला. वैमानिकानं पाहिलेलं जमिनीवरच्या अधिकाऱ्याला वेळेत कळणं आणि त्यानं मागितलेली मदत नेमक्या ठिकाणी पडणं हे सरावानं येतं. हैदराबादच्या शिपायाकडे वर पाहण्यापलीकडे उपाय नव्हता. त्याच्या हिमतीला मी कमी लेखत नाही. त्याला असल्या लढाईत ढकलणाऱ्यांना माझ्याकडे क्षमा नाही.

उस्मानाबादेत रझाकार रस्त्यांवर नेटानं लढले. औरंगाबादेत मुलकी अधिकारी दुपारी शरणागती घेऊन बाहेर आले.

१५ सप्टेंबर, बुधवार

जालना पडलं. पूर्वेकडचं सैन्य सूर्यापेठेवरून पुढे सरकलं.

१६ सप्टेंबर, गुरुवार

जहीराबादच्या वाटेवर सुरुंग पेरलेले. ते काढत, बीदरच्या फाट्यावर गोळीबार झेलत राम सिंगांची तुकडी रात्रीपर्यंत जहीराबादच्या पंधरा किलोमीटर पुढे. त्याच दिवशी पॅरिसमध्ये हैदराबादचे प्रतिनिधी मोईन नवाज जंग संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची तक्रार मांडत होते.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे बीदर. जिथे कॉटनची विमानं उतरत होती तिथे भारतीय सैन्य. सकाळी हैदराबादचे पंतप्रधान मीर लायक अलींच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा.

संध्याकाळी ५ वाजता शस्त्रसंधी. सरहद्द ओलांडल्यापासून १०९ तास.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

१८ सप्टेंबरनंतर

मराठवाड्याचा मुक्तिदिन १७ सप्टेंबरला, आणि तो आनंदाचाच आहे. रझाकारांच्या जाचातून गावं सुटली, मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून बाहेर आले. पण घटनाक्रम त्या संध्याकाळी पाच वाजता मिटवणं मला मान्य नाही, कारण याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना खरा संहार पुढच्या दिवसांत झाला. रझाकारांचा सूड रझाकार नसलेल्यांवर घेतला गेला : शेतकरी, विणकर, दुकानदार, मुसलमान असलेला कोणीही.

सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीत काझी अब्दुल गफ्फार होते. समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात गावोगाव फिरली. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर मिळून २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. सर्वांत जास्त होरपळलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. पहिले दोन सोलापूर जिल्ह्याला लागून आहेत. अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही.

अहवालात शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. विशेषतः विणकरांची : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्याबरोबर मागावर बसणाऱ्या मुसलमानांना आसरा दिला, आणि त्यासाठी त्यांतल्या काहींना जीवही गमवावा लागला.