शेवई, शेंगोळे आणि पास्ता : बीड जिल्ह्यातील पाकनामांचा विचार

परका पदार्थ एखाद्या प्रदेशाच्या स्वयंपाकघरात शिरतो तेव्हा त्यावर तीन संस्कार होतात. तो तेथील रीतीने शिजविला जातो, तेथील जिभेने उच्चारिला जातो आणि पुढे केव्हातरी तेथील लिपीत लिहिला जातो. ह्या तीन क्रियांचा क्रम कोणता, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु भाषेच्या इतिहासात त्याला महत्त्व आहे. मराठीत दीर्घकाळ हा क्रम आधी चूल, मग जीभ आणि शेवटी लेखणी असा राहिला. इटलीचा पास्ता मराठी घरांत आला तो मात्र उलट क्रमाने. त्याचे नाव छापील वेष्टनावर आधी आले, उच्चार त्यामागून आला आणि पदार्थ सर्वांत शेवटी शिजला. ह्या उलटापालटीचा परिणाम परक्या शब्दापेक्षा घरच्या शब्दांवरच अधिक झाला आहे, असे बीड जिल्ह्याचे उदाहरण पाहता दिसून येते.

बीड हा बालाघाटच्या रांगेने दुभागलेला, पर्जन्यछायेतील जिल्हा. ज्वारी व बाजरी हे येथील नित्याचे अन्न. गहू प्रायः सणावाराचा. हलक्या जमिनीत हुलगा येतो. ह्या धान्यांतून पीठ वळून पाण्यात शिजविण्याच्या दोन परंपरा येथे दृढ झाल्या. पहिली ओल्या पिठाची. हुलग्याच्या किंवा मिश्र पिठात लसूण, जिरे व तिखट घालून ते तळहातांत शेंगेप्रमाणे वळावयाचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात शिजवावयाचे, हे शेंगोळे. गव्हाच्या लाटीचे तुकडे कापून ते वरणात शिजविले म्हणजे वरणफळे. यांनाच अन्यत्र चकोल्या किंवा चिकोल्या म्हणतात. दुसरी परंपरा वाळविलेल्या पिठाची. चैत्र-वैशाखाच्या उन्हात शेवया आणि कुरडया करून वर्षभरासाठी ठेवावयाच्या, ही घरोघरच्या स्त्रियांची बेगमी. शेवया खाण्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. त्या उकळत्या पाण्यात शिजवून, पाणी गाळून, वर तूप व साखर, दूध किंवा गुळवणी घालून वाढतात. उकडणे, निथळणे आणि मग वरून चव देणे हीच पास्त्याची मूळ कृती होय.

हे साम्य केवळ कृतीपुरते नाही. इटलीत वाळविलेला पास्ता कठीण जातीच्या गव्हाच्या रव्याचा करतात. दख्खनमधील बन्सी गहू त्याच जातीचा आहे. शेवयांसाठी नावाजलेला खपली गहू इटलीत 'फार्रो' या नावाने ओळखला जातो. नामकरणाची पद्धतीही तीच आहे. लग्नकार्यासाठी मराठी घरांत जे वळवट करतात त्यातील नावे पाहावी. गव्हाच्या दाण्याएवढे ते गव्हले, मालतीच्या कळीसारख्या त्या मालत्या, बोटांनी वळलेले ते बोटवे, नखाचा ठसा असलेले ते नखुले. इटलीत 'ओर्झो' म्हणजे जव, 'दितालिनी' म्हणजे लहान अंगुस्ताने, 'ओरेक्किएत्ते' म्हणजे लहान कान. मराठवाडा-विदर्भात कणकेची वळी काडीभोवती गुंडाळून सरगुंडे करतात. सिसिलीच्या त्रापानी भागात काडीभोवतीच गुंडाळून 'बुसिआते' करतात. ह्यांपैकी कोणी कोणाकडून घेतले असे मानण्यास आधार नाही. हाती तेच पीठ आणि तीच बोटे असता दोन दूरच्या लोकसमूहांनी सारखेच आकार घडविले व त्यांना भोवतालच्या वस्तूंची नावे दिली, एवढेच त्यावरून म्हणता येते.

पास्ता मार्को पोलोने चीनमधून इटलीत नेला ही कथाही आता ग्राह्य धरली जात नाही. पोलो १२९५ मध्ये परतला. परंतु अरब भूगोलवेत्ता अल् इद्रीसी याने ११५४ मध्येच सिसिलीतील त्राबिया येथे तयार होऊन परदेशी जाणाऱ्या 'इत्रिया' या वाळविलेल्या पिष्टपदार्थाची नोंद केली आहे. त्याच शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात (सुमारे ११२९) राजभोजनाचे सविस्तर वर्णन आले. बीडचा प्रदेश तेव्हा चालुक्यांच्याच राज्यात होता. ह्या ग्रंथातील 'मंडक' व 'पोलिका' ही नावे संस्कृत वेषातील आहेत. लोकांच्या तोंडी राहिले ते मांडे व पोळी. दरबारी लेखणीने चुलीजवळचा शब्द कितीही सजविला तरी चुलीजवळ त्याचे रूप जिभेनेच ठरविले.

पुढील काळात आलेल्या परक्या शब्दांची कथाही अशीच आहे. फारसीत 'शीरा' म्हणजे साखरेचा पाक. मराठीत तो रव्याचा शिरा झाला. 'कीमा' याचा खिमा झाला, अरबी 'झुलाबिया' जिलबीच्या रूपाने स्थिरावली. पोर्तुगीज 'बटाटा' शब्दातील त मूळचा दंत्य. मराठीने त्याचा मूर्धन्य ट केला, आणि 'पाँव' सारख्या अनुनासिक शब्दाचा पाव केला. हे शब्द घेताना कोणी कोश उघडला नव्हता. ते कानाने घेतले, जिभेने घासले आणि रूप पक्के झाल्यावर लिहिले. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये त्याची सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती निघाली, तोवर असे पुष्कळ शब्द मराठीत मुरून गेले होते.

बीडमध्ये ह्या प्रक्रियेला आणखी एक अंग होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. शेवया हिंदू घरांत गुळवण्याबरोबर आणि मुसलमान घरांत ईदच्या शीरखुर्म्यात, अशा दोन्हीकडे नांदल्या. एका घरी 'शेवया', शेजारच्या घरी 'सेवय्या'. 'मैदा' हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच लिहितात. पण मराठीत त्यातील ऐ 'अइ' असा संयुक्त स्वर राहतो, तर हिंदी-उर्दूत तो ॲ च्या जवळ जातो. लेखन एक असूनही उच्चार आपापल्या घरचा राहिला.

पास्ता ह्या भूमीवर आला तो विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. १९८३ मध्ये मॅगी नूडल्स भारतात विक्रीस आल्या. त्याच सुमारास हैदराबादेतील एका कारखान्याने 'बांबिनो' ह्या नावाने शेवया व मॅकरोनी बाजारात आणली. 'बांबिनो' हा इटालियन शब्द. अर्थ लहान मूल. वेष्टनावर शेवयांचे नाव 'व्हर्मिसेली' असे आले, म्हणजे घरोघर होणाऱ्या पदार्थाला इटालियन नाव इंग्रजीच्या वाटेने मिळाले.

ह्या नव्या नावांच्या लेखनात तीन प्रवाह दिसतात. पहिला इंग्रजीचा. इटालियन 'स्पागेत्ती' मधील दंत्य जोडाक्षर मराठीला मुळीच अवघड नाही; पत्ता, भत्ता, कित्ता हे शब्द नित्याचे आहेत. तरीही लेखन 'स्पॅगेटी' असे रूढ झाले, कारण शब्द इंग्रजीतून आला आणि इंग्रजी टकाराला मराठीत ट लिहिण्याची सवय जुनी आहे. 'पिझ्झा' याचेही तसेच. मूळ उच्चार 'पित्सा' याच्या जवळचा आहे, आणि तो वर्ण मराठी माणूस 'चूल', 'चकली' म्हणताना रोज उच्चारतो. तरी लेखनात झ आला. दुसरा प्रवाह हिंदीचा. हिंदी वेष्टनावरील 'मैगी', 'मैक्रोनी' मराठी वाचकाने अक्षरशः वाचल्यास 'मइगी' होईल. म्हणून मराठीत ती नावे मॅ ने लिहितात. तिसरा प्रवाह जुन्या मराठी लेखनाचा. 'म्यागी', 'म्याकरोनी' अशी रूपे कोणी लिहिली की ती अशिक्षितांची समजून हसण्याचा प्रघात आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रणात 'ब्यांक', 'म्यानेजर' हीच प्रतिष्ठित रूपे होती. ॅ हे चिन्ह नंतर रूढ झाले. तेव्हा ह्या रूपांत अज्ञान पाहण्यापेक्षा एका जुन्या परंपरेचा अवशेष पाहणे अधिक योग्य होईल.

'पास्ता' ह्या एका शब्दाने मात्र त राखला. त्याचे कारण इटालियनविषयीच्या ज्ञानात शोधण्यापेक्षा मराठीत आधीच रुजलेल्या पिस्ता, रस्ता, नाश्ता ह्या फारसी शब्दांच्या सान्निध्यात शोधणे सयुक्तिक वाटते. शिवाय स् आणि ता निरनिराळ्या अक्षरांत विभागले जात असल्याने जिभेला अडचण पडत नाही. 'स्टेशन' चे 'ठेसन' झाले ते आरंभीच्या जोडाक्षरामुळे. 'पास्ता' वर ती पाळी आली नाही.

कृतीच्या बाबतीत गृहिणींनी वेष्टनावरील सूचनांपेक्षा आपल्याच परंपरेचा आधार घेतला. कांदा-टोमॅटोची फोडणी, हळद, तिखट, गरम मसाला आणि वर कोथिंबीर, असा पास्ता मराठी घरांत सर्वसामान्य झाला. इटलीत तो दाताला किंचित कठीण लागेल इतकाच शिजवितात. येथे तो मऊ होईपर्यंत शिजवितात, कारण शेंगोळे व वरणफळे यांची कसोटी मऊपणा हीच आहे. यास मूळ पदार्थाची विटंबना म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. इटलीतील टोमॅटो आणि शेंगोळ्यातील मिरची ही दोन्ही अमेरिकेतून आलेली आहेत. पास्ता व टोमॅटो यांची जोडी इद्रीसीच्या काळी असणे शक्यच नव्हते.

यावरून दिसते ते असे, की परक्या पदार्थाने मराठी चुलीचे काही बिघडविले नाही. चुलीने त्याला आपलेसे केले. हानी झाली ती अन्यत्र. 'पास्ता' हा शब्द जिल्ह्यात सर्वत्र एकाच रूपात लिहिला जातो, कारण तो छापून आला. उलट शेंगोळे, शिंगोळे, शेंगुळे. चकोल्या, चिकोल्या अशी घरच्या पदार्थांची रूपे गावागणिक बदलतात, आणि छापील पाकपुस्तकांत त्यांपैकी एखादेच रूप येते. बाकीची रूपे चूक ठरतात किंवा विसरली जातात. बीडमधून दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारी कुटुंबे महिनोन् महिने परमुलखात चूल मांडतात. निरनिराळ्या भागांतील पाकनामे ज्यांच्या कानी पडतात अशा ह्या स्त्रिया शब्दकोशकारांच्या दृष्टीबाहेर राहिल्या आहेत. यंत्राच्या शेवया आल्यापासून हाताने वळण्याचे काम कमी झाले. ज्या क्रियेतून बोटवे व नखुले ही नावे निघाली ती क्रियाच थांबली, तर नावे टिकण्याचे कारण उरत नाही.

शब्दांची हानी उसनवारीने होत नाही. नोंद न झाल्याने होते. यास्तव प्रत्येक पाकनाम गावाचे नाव, धान्य, वळण्याची पद्धत, प्रसंग आणि प्रत्यक्ष उच्चार यांसह नोंदविणे, तसेच त्याची सर्व रूपे शुद्धाशुद्धाचा निर्णय न करता एकत्र ठेवणे, हे काम मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. वळवटाची नावे ज्यांना हाताच्या सवयीने ठाऊक आहेत त्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. म्हणून ह्या कामाला फार काळ थांबता येणार नाही.