मानपत्रे, संशोधनवृत्त्या आणि बपेऱ्याचे दप्तर

इतिहासकाराला मान कोण देते, आणि कशाबद्दल देते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पारितोषिकांच्या याद्या वर्तमानपत्रांत येतात, आपण दोन दिवस बोलतो आणि विसरतो. पण इतिहासलेखनाचा इतिहास पाहू लागलो, की ध्यानात येते की कोणत्या विषयावर लिहिले जाते, कोणते दप्तर उघडले जाते आणि कोणते वाळवीच्या स्वाधीन होते, हे पुष्कळ अंशी या मानाच्या व्यवस्थेवरच ठरत आले आहे. म्हणून या व्यवस्थेकडे आम्ही एका आडवळणाच्या ठिकाणाहून पाहणार आहोत. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले बपेरा हे राज्याच्या सीमेवरचे गाव आहे. पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. पुण्याच्या वा दिल्लीच्या व्यासपीठावरून हे गाव दिसत नाही. परंतु या गावातून ते व्यासपीठ कसे दिसते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण बोलताना आपण त्या सरमिसळ करतो. पारितोषिक हे झालेल्या कामाचे कौतुक असते. संशोधनवृत्ती ही होऊ घातलेल्या कामासाठी दिलेली फुरसत असते. तीत पैसा दिसतो, पण खरे पाहता विकत घेतला जातो तो वेळ. परिषद म्हणजे श्रोता. आपले म्हणणे जाणत्यांसमोर मांडावे आणि त्यांनी ते खोडून काढावे, यासाठी ती असते. तिन्हींचा क्रम न्यायाने असा असावा, की आधी वेळ मिळावा, मग श्रोता, आणि शेवटी कौतुक. महाराष्ट्रात मात्र श्रोता आधी आला, कौतुक फार उशिरा आले, आणि वेळ ज्याचा त्यानेच आपल्या आयुष्यातून काढला.

वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. पुढे बावीस खंड निघाले. त्यामागे विद्यापीठ नव्हते, वृत्ती नव्हती. गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरून रुमाल खाली काढण्याचा एका माणसाचा हट्ट होता. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. तेथे जमणाऱ्यांत पदवीधर प्राध्यापक थोडे होते, आणि वकील, शिक्षक, जुन्या घराण्यांतले लोक पुष्कळ होते. एखादे अस्सल पत्र वाचले जाई आणि त्यावर वाद होई. मान मिळायचा तो या वादात टिकण्याचा.

याच पुण्यात देशव्यापी परिषदांची परंपरा सुरू झाली, ही गोष्ट आज सहसा सांगितली जात नाही. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन नोव्हेंबर १९१९ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या पुढाकाराने पुण्यात भरले. अध्यक्ष स्वतः रा. गो. भांडारकर होते. पुढे १९३५ मध्ये, इतिहास संशोधक मंडळाला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने, दत्तो वामन पोतदार प्रभृतींच्या खटपटीने पुण्यात आधुनिक इतिहासाची अखिल भारतीय परिषद भरली. अलाहाबादचे शफात अहमद खान तिचे अध्यक्ष होते. १९३८ च्या अलाहाबाद अधिवेशनापासून ती 'इंडियन हिस्टरी काँग्रेस' म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि आज भारतातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांचे ते सर्वांत मोठे व्यासपीठ आहे. प्राध्यापकांच्या या परिषदेचा पाळणा बिगर-प्राध्यापकांच्या मंडळाने हलवला, यातला विरोधाभास वाचकांनी लक्षात ठेवावा.

कारण मान आणि दप्तर यांचा संबंध याच काळात उघडा पडला. पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते आणि पुण्याच्या संशोधकांना ते मोकळे नव्हते. जेव्हा ते निवडून छापायचे ठरले, तेव्हा काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे आले. त्यामागे त्यांचे स्नेही जदुनाथ सरकार यांचा शब्द होता. सरकार इतिहासाचे प्राध्यापक, कलकत्ता विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि १९२९ पासून 'सर'. पुण्याच्या मंडळींशी त्यांचे सख्य नव्हते. १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, हे सरदेसायांचे ऋण कोणी नाकारू नये. पण आयुष्य मोडी वाचण्यात घालवलेली माणसे दाराबाहेर राहिली, हेही खरे. सरकारी विश्वास हीच किल्ली होती. पदवी, किताब आणि आयोगाचे सभासदत्व या गोष्टी शोभेच्या नव्हत्या. दार कोणाला उघडायचे, हे त्या ठरवीत होत्या.

आता विदर्भाकडे वळू. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांताचे शिलालेख आणि ताम्रपट यांची पहिली व्यवस्थित यादी १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती करणारे रायबहादुर हिरालाल हे कटनीकडचे महसुली अधिकारी. त्याच वर्षी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. तो रसेल यांच्या नावाने ओळखला जातो; मुखपृष्ठावर हिरालाल यांचा उल्लेख साहाय्यक म्हणून आहे. भाषा, बोली, चालीरीती यांची आतून माहिती असलेला माणूस साहाय्यक आणि ती माहिती इंग्रजीत बसवणारा लेखक, अशी ही वाटणी होती. हिरालाल यांच्या बाबतीत न्याय काहीसा उशिरा का होईना झाला: १९३० च्या पाटणा येथील प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष झाले. विद्यापीठीय नसलेल्या माणसाला परिषदेने दिलेला हा मान आम्हांला कोणत्याही किताबापेक्षा मोठा वाटतो, कारण तो समानधर्म्यांनी दिलेला होता.

परिषदा नागपुरासही आल्या. सरकारी ऐतिहासिक अभिलेख आयोगाचे अधिवेशन १९२८ मध्ये, प्राच्यविद्या परिषद १९४६ मध्ये आणि हिस्टरी काँग्रेस १९५० मध्ये तेथे भरली. या काळात नागपुरात वा. वि. मिराशी काम करीत होते. कोकणात जन्मलेला हा संस्कृतचा प्राध्यापक विदर्भाच्या ताम्रपटांत रमला आणि वाकाटकांचा इतिहास त्याने जवळजवळ नव्याने उभा केला. कलचुरी-चेदी लेखांचा त्यांचा संग्रह १९५५ मध्ये, वाकाटकांचा १९६३ मध्ये आणि शिलाहारांचा १९७७ मध्ये निघाला. पद्मभूषण मिळाले ते १९७५ मध्ये, म्हणजे ऐंशी उलटल्यावर. सरदेसायांना तोच सन्मान १९५७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर मिळाला. त्र्यंबक शंकर शेजवलकर तर १९६३ मध्ये वारले आणि 'श्रीशिवछत्रपति'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक १९६६ मध्ये मिळाले. आमच्याकडे गौरव करण्यापूर्वी माणूस पुरता थकू द्यावा, अशी जणू रीतच होती. त्या पारितोषिकाने शेजवलकरांना शिवचरित्र पुरे करायला एक दिवसही मिळवून दिला नाही.

आजचे चित्र पालटले आहे, हे मान्य केले पाहिजे. भारतीय इतिहास संशोधन परिषद १९७२ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या वृत्त्यांवर अनेकांचे प्रबंध उभे राहिले. परदेशात डॅन डेव्हिड पारितोषिकाने २०२२ पासून आपले स्वरूपच बदलले. दरवर्षी नऊपर्यंत इतिहासाभ्यासकांना प्रत्येकी तीन लाख डॉलर दिले जाऊ लागले, आणि तेही कारकीर्दीच्या आरंभी वा मध्यावर असलेल्यांना. म्हणजे पारितोषिकाला वृत्तीचे काम करायला लावले. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण प्राची देशपांडे यांचे. २०२० चे मानव्यविद्यांचे इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले, एक लाख डॉलरचे. मराठ्यांचा इतिहास कोणी, कसा आणि कशासाठी लिहिला, हाच त्यांच्या कामाचा विषय. मोडीतली कारकुनी लेखनपद्धती हा दुसरा. राजवाड्यांच्या पिढीने ज्या कागदांसाठी जिवाचे रान केले, त्या कागदांचा आणि त्या पिढीचाही अभ्यास जागतिक मानाला पात्र ठरला, ही आनंदाची गोष्ट आहे.

तरीही बपेऱ्यातून पाहिले तर काय दिसते? मध्य प्रांतात जमाबंदी मौजेवार झाली. प्रत्येक मौजाचे नकाशे, हक्कनोंदी, आणि वाजिब-उल-अर्ज नावाचा गावच्या रिवाजांचा दस्त तयार झाला. जंगलातून लाकूड कोणी आणावे, तलावाचे पाणी आधी कोणाच्या बांधीत जावे, मालगुजाराचे देणे काय, हे सारे त्यात येते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर येथले धान पिकत आले. मालगुजारी गेली आणि ते तलाव 'माजी मालगुजारी' झाले. लोक त्यांना लाडाने 'मामा तलाव' म्हणतात. पाण्याच्या वाटपाचा हा इतिहास कोणत्याही राजघराण्याच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जिल्हा मुंबई राज्यात आला आणि जुन्या प्रांताचे दप्तर नागपूर व भोपाळ असे विभागले गेले. नदीकाठचे गाव एका राज्यात, त्याच्या जुन्या सरकारचे कागद दोन राज्यांत, भाषा इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि मराठी. असा विषय एखाद्या स्थानिक शिक्षकाने घ्यायचा म्हटले, तर त्याला पारितोषिक नको आहे. त्याला सहा महिन्यांची बिनपगारी नसलेली रजा, भोपाळला राहण्याचा खर्च आणि शिकस्ता वाचून दाखवणारा माणूस हवा आहे. वृत्तीच्या अर्जात मात्र त्याला प्रथम विद्यापीठाचे नाव विचारले जाते.

परिषदांचेही तसेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि परिषदेत वाचलेल्या निबंधाला गुण ठेवले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की महाविद्यालयागणिक परिषदा भरू लागल्या, दहा मिनिटांत निबंध उरकू लागले आणि प्रमाणपत्र हेच फलित झाले. खंडन करणारा श्रोता, जो परिषदेचा प्राण, तो पहिल्या रांगेतून उठून गेला. मंडळाच्या जुन्या बैठकांत पदवी विचारीत नसत, पण पुरावा विचारीत. आज पदवी आणि शुल्क विचारतात.

येथे एक आक्षेप घेतला जाईल: कसोटी नको काय? हौशी इतिहासाने, जातीय आणि गावकीच्या अभिमानाने भरलेल्या पुस्तकांनी काय अनर्थ केले, हे आम्ही जाणतो. विद्यापीठीय शिस्तीवाचून इतिहास दंतकथेत विरघळतो, हे आम्हांला मान्यच आहे. म्हणूनच आमचे म्हणणे कसोटी सैल करण्याचे नाही, ती योग्य जागी लावण्याचे आहे. कसोटी कागदाच्या वाचनाला लावावी, अर्जदाराच्या पत्त्याला नव्हे. पवनीचे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. तेथील स्तूपाचे उत्खनन १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांनी नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने केले आणि १९७२ मध्ये अहवाल प्रसिद्धही केला. शिस्त, वेळ आणि ठिकाण एकत्र आले, तेव्हा वैनगंगेकाठच्या एका गावाने विदर्भाचा बौद्ध इतिहास कित्येक शतके मागे नेला. दोन-तीन वर्षांत काम पुरे करून लोकांपुढे ठेवणे, हा त्या दोघांचा विशेष.

तेव्हा सुचवायचे ते थोडे आहे. मोठ्या पारितोषिकांतला लहानसा वाटा जिल्ह्यातल्या दप्तरांच्या वाचनासाठी, विद्यापीठाची अट न घालता, छोट्या वृत्त्यांच्या रूपाने द्यावा. राज्यपातळीवरच्या परिषदांनी एक सत्र तरी तालुक्याच्या गावी भरवावे, आणि त्यात निबंध थोडे व कागद जास्त वाचावेत. वाचलेला कागद जसाच्या तसा छापावा. राजवाड्यांनी खंड काढले ते याच रीतीने, आणि त्यांची कित्येक मते मागे पडली तरी खंड अजून कामाला येतात. सीमेवरच्या गावांतली जी माणसे मालगुजारीच्या काळाचे सांगू शकतात, ती आता थोडी उरली आहेत. तलाव कोणत्या वर्षी फुटला आणि पाळी कोणी मोडली, हे त्यांना ठाऊक आहे, आणि सरकारी दस्तातली नोंद खरी की सोयीची, हे तेच सांगू शकतील. पारितोषिक पाच वर्षे उशिरा दिले तरी चालते. या माणसांना विचारायला पाच वर्षे उशीर झाला, तर तो प्रश्न पुन्हा कोणालाच विचारता येणार नाही.